वीस हजार आहेत ना? मग पंधराची गिटार बघा

पत्र:
"मी ठाण्यात, नौपाड्यात राहते, वय ४१. कॉलेजात असल्यापासून इलेक्ट्रिक गिटार शिकायचं मनात होतं. तेव्हा 'आधी नोकरी' झालं, मग लग्न, मग मुलगा. यंदा बोनसमधले वीस हजार बाजूला काढले आहेत आणि ते गिटारवरच घालायचे असं ठरवलंय. पण जो तो वेगळं सांगतो. मुलाच्या क्लासचे सर म्हणतात, आधी वर्षभर अकूस्टिक वाजवा, बोटं तयार होऊ द्या. दुकानदार म्हणतो, घ्यायचीच तर पूर्ण वीसची घ्या, गिटार काय सारखी सारखी घेतली जात नाही. ऑनलाइन नऊ हजारांत गिटार, अ‍ॅम्प, बॅग सगळं एकत्र मिळतंय. माझे हात लहान आहेत. घर वन-बीएचके, सासूबाई दुपारी झोपतात, आणि भिंती अशा की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजतो. काय करू? आणि हो, मला निळी हवी आहे. हसू नका."

नमस्कार ताई,

हसलो नाही. निळ्या रंगाचं शेवटी बोलू. तो प्रश्न तुम्हाला वाटतो तितका पोरकट नाही.

आधी दुकानदाराचं. हातात वीस हजार आणि गिटारही वीस हजारांची, असं केलंत तर घरी पोचल्यावर तुमच्याकडे एक देखणी वस्तू असेल, जी पलंगावर बसून छेडली की डास गुणगुणल्यासारखी वाजेल. अकूस्टिकला पोट असतं, तारेचा आवाज त्या पोकळीत घुमून मोठा होतो. इलेक्ट्रिकचं अंग बहुधा भरीव. तिचा आवाज तयार होतो पिकअपमध्ये. चुंबक, आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत जेमतेम जाणवेल इतकी वीज निर्माण होते आणि ती केबलमधून पुढे जाते. शाळेत फॅरेडे शिकलो होतो ना, तोच इथे कामाला येतो. म्हणजे तुमच्या मांडीवर असतं ते अर्धं वाद्य, उरलेलं अर्धं केबलच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पमध्ये.

म्हणून माझा हिशेब असा. गिटार तेरा-चौदा हजारांपर्यंत, फार मन गेलं तर पंधरा. तीन-साडेतीन हजार आवाजाच्या सोयीला, म्हणजे अ‍ॅम्पला. हजार-दीड हजार सेटअपला. राहिलेल्यात बरी केबल, पट्टा, तारांचा एक जादा सेट आणि तारा छेडायला मूठभर पिक. ट्यूनर मोबाइलवर फुकट मिळतो, त्यावर सध्या पैसे घालू नका.

यातला सेटअप हा शब्द दुकानदाराच्या तोंडून आला नसणार. माझं पोट त्यावरच चालतं, त्यामुळे मी त्याची बाजू घेणार हे उघड आहे. तरी ऐका.

मी एकोणीस वर्षांचा असताना साठवलेल्या पैशांतून पहिली इलेक्ट्रिक घेतली. दुकानाचं नाव सांगत नाही, आता ते तिथे नाहीही. काळी कुळकुळीत, टोकदार शिंगांची. तारा नेकपासून, म्हणजे गिटारच्या दांड्यापासून, इतक्या वर की खालून पेन्सिल सरकली असती. एफ कॉर्ड (अनेक तारा एकदम दाबून वाजवायचा सुरांचा मेळ) धरायला गेलं की हात भरून यायचा आणि तीन तारा मुक्या राहायच्या. मला वाटलं, आपल्या बोटांतच दम नाही. आठ महिने ती कपाटावर पडून होती. मग कळव्याच्या एका वयस्कर कारागिराने ती अर्धा तास मांडीवर घेतली, ट्रस रॉडला पाव आटा दिला, सॅडल (ब्रिजवरची तारांची टेकणी) खाली केली, नटच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाशी तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या, खाचा कानशीने जरा खोल केल्या आणि माझ्या हातात परत दिली. तीच गिटार, तीच बोटं, आणि एफ वाजला. त्या दिवशी मला आनंद कमी झाला आणि आठ महिन्यांचा राग जास्त आला.

तर सेटअप म्हणजे इतकंच. नेकच्या आत एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. तारांच्या ओढीने नेक पुढे वाकते, ती किती वाकू द्यायची हे त्या सळईवर ठरतं. सॅडलवर तारांची उंची ठरते. नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट; बाराव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत साधारण दीड ते दोन मिलिमीटर अंतर असलं की नवशिक्याचा हात सुखावतो. शिवाय सॅडल पुढे-मागे करून वरच्या पट्टीतले सूर जुळवायचे, त्याला इंटोनेशन म्हणतात. स्वस्त गिटारी कारखान्यातून निघतात तेव्हा हे सगळं ढोबळ केलेलं असतं, त्यानंतर त्या समुद्रातून प्रवास करून आपल्या दमट हवेत उतरतात. चौदा हजारांची नीट बसवलेली गिटार चाळीस हजारांच्या न बसवलेल्या गिटारीपेक्षा हाताला गोड लागते, हे मी रोज टेबलावर बघतो.

आता सरांचा सल्ला. सर चुकीचं शिकवतात असं नाही, त्यांच्या काळात तोच रस्ता होता. पण हिशेब करून बघा. अकूस्टिकवर साधारणपणे लावतात त्या सेटमधली पहिली तार ०.०१२ इंच जाडीची असते, इलेक्ट्रिकवरची ०.००९. लांबी तीच आणि सूर तोच असेल तर तारेवरचा ताण जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणजे अकूस्टिकच्या त्या तारेत जवळजवळ पावणेदोनपट ओढ. ऑफिसातून दमून आलेल्या, एकेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा तार दाबणाऱ्या बोटांना ही शिक्षा कशाला? अकूस्टिकने बोटं घट्ट होतात हे खरं, पण ती इलेक्ट्रिकवरही होतात, थोडी सावकाश आणि कमी रडवून. ज्यांना गाण्याबरोबर कॉर्ड वाजवत गात बसायचंय त्यांनी अकूस्टिक घ्यावी. तुम्ही वीस वर्षं इलेक्ट्रिकचं मनात धरून बसला आहात. जे वाद्य ऐकावंसं वाटतं त्याच्याशीच माणूस रोज बसतो.

लहान हातांची चिंता अर्धीच खरी आहे. इलेक्ट्रिकचे काही ठरलेले घाट असतात: स्ट्रॅट, लेस पॉल, मस्टँग. नेहमीच्या स्ट्रॅट घाटाच्या गिटारची स्केल, म्हणजे नटपासून अंगावरच्या ब्रिजपर्यंत मोकळ्या तारेची लांबी, २५.५ इंच असते. लेस पॉल घाटाची पाऊण इंचाने कमी. मस्टँग घाटाची २४. पहिल्या चार फ्रेटांच्या टप्प्यात २५.५ आणि २४ यांत सुमारे आठ मिलिमीटरचा फरक पडतो. ताणलेल्या करंगळीला आठ मिलिमीटर खूप असतात, त्यामुळे दुकानात मस्टँग दिसली तर हातात घेऊन बघाच. पण नाही मिळाली तर अडून बसू नका. लहान हाताला नेक किती लांब यापेक्षा किती जाड हे जास्त खुपतं, आणि ते फक्त हात फिरवून कळतं.

नावं विचारलेली नाहीत, पण तुम्हाला तीच हवी असणार. यामाहाची पॅसिफिका ०१२ मी डोळे मिटून सुचवतो. स्क्वायर हा फेंडरचाच कमी किमतीचा ब्रँड, त्यात स्ट्रॅट, टेली आणि २४ इंची मस्टँग असे तिन्ही घाट मिळतात. आयबानेझची जिओ मालिका पातळ नेकसाठी बघा. कॉर्टचं नाव कमी लोकांना माहीत, पण ही कोरियन कंपनी मोठमोठ्या ब्रँडांच्या गिटारी इंडोनेशियात बनवून देते, स्वतःच्या नावाच्या गिटारीत ती कंजुषी करत नाही. एपिफोन १९५७ पासून गिब्सनच्या मालकीची. लेस पॉलचा घाट आवडत असेल तर तीही, फक्त आधी खांद्यावर घेऊन पाच मिनिटं उभ्या राहा. काही लेस पॉल चार किलोंच्या वर जातात. यातल्या काही नव्या गिटारी तुमच्या पंधराच्या वर निघतील. तेव्हा सेकंडहँडकडे वळा, लाजू नका. ऐरोली-घणसोलीपासून पवईपर्यंत इंजिनिअरिंगच्या पोरांनी पहिल्या वर्षाला घेतलेल्या आणि तिसऱ्या सेमिस्टरला विसरलेल्या गिटारी ढिगाने असतात. त्यांच्या फ्रेट्सवर धड ओरखडाही नसतो.

पिकअपच्या बाबतीत एकच सांगतो. एकेरी वेढ्याचा पिकअप, सिंगल कॉइल, आवाजाला खणखणीत, पण तो घरातल्या विजेची गुणगुणही पकडतो. ट्यूबलाइटचा जुना चोक, पंख्याचा रेग्युलेटर, मोबाइलचा चार्जर, सगळे त्यात बोलतात. १९५५ साली गिब्सनमधल्या सेथ लव्हरने दोन उलटसुलट वेढे शेजारी ठेवून ही गुणगुण एकमेकांत मारून टाकली, तो हमबकर. पॅसिफिका ०१२ मध्ये ब्रिजपाशी हमबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल असतात. म्हणजे दोन्ही चवी एका ताटात, आणि आपल्याला काय आवडतं हे अजून ठरलेलं नसताना हेच बरं. सिंगल कॉइल गुणगुणू लागला तर गिटारसकट जरा वळून बसा, एका कोनात आवाज पडतो.

एक गोष्ट मात्र टाळाच. ब्रिजवर बारीक बारीक स्क्रू, नटपाशी तारा आवळणारे लॉक, आणि ब्रिज हवेत तरंगल्यासारखा. याला फ्लॉइड रोज किंवा त्या धाटणीचा ट्रेमोलो म्हणतात, दांडी दाबून सूर हलवायचा ब्रिज. माझ्या त्या काळ्या गिटारीवर तोच होता. मंडळाच्या ऑर्केस्ट्रात, गणपतीचा सातवा दिवस, पहिलंच गाणं, आणि एक तार तुटली. तसा ब्रिज मागच्या स्प्रिंगांच्या आणि पुढच्या तारांच्या रस्सीखेचीवर उभा असतो. एक तार गेली की स्प्रिंगा जिंकतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. मी पुढची तीन गाणी नुसता हात हलवत उभा होतो. हे कोणाच्याच लक्षात आलं नाही, ते जास्त लागलं. तुम्ही ब्रिज अंगाला पक्का बसवलेला घ्या, नाहीतर साधा स्ट्रॅटसारखा, आणि त्याची दांडी पहिले सहा महिने बॅगेत राहू द्या.

आता दुकानात जायचं. गोखले रोडवरून एक चक्कर मारा, पण खरी निवड करायला मुंबईत धोबीतलाव गाठा. तिथे जेर महालमध्ये फुर्ताडोज आहे, १८६५ पासूनचं नाव. शनिवारी दुपारची फास्ट लोकल पकडून सीएसएमटी, पुढे चालत. रविवार नको, मेगाब्लॉकमध्ये गिटार घेऊन डब्यात शिरणं हा वेगळाच क्लास आहे. वाजवता येत नाही म्हणून संकोच वाटेल, तर दुकानातल्या पोराला सांगा, "तू वाजव, मी ऐकते", आणि नंतर या गोष्टी स्वतः करा. त्यांना सूर-ताल काही लागत नाही.

नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात फिरवा. फ्रेट्सची टोकं टोचत असतील तर ती गिटार ठेवून द्या. बंदुकीचा नेम धरतात तसं हेडस्टॉकपासून, म्हणजे खुंट्यांच्या टोकापासून, ब्रिजकडे एका डोळ्याने बघा. किंचित खोलगट वाक चालतो, पण पीळ दिसला तर नको, पीळ सहसा कुणाच्या बापाला सुटत नाही. मग प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट, एकेक करून दाबून छेडा. हो, सहा तारा आणि वीस-बावीस फ्रेट. दहा मिनिटं लागतात, दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू दे. एखाद्या ठिकाणी सूर मेला किंवा पत्रा घासल्यासारखा खर्र आला तर ती जागा पक्की लक्षात ठेवा. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसतं बोट टेकवून छेडलं की घंटेसारखा सूर निघतो. तो, आणि त्याच फ्रेटवर दाबून काढलेला, दोन्ही एकच हवेत. कान तयार नसेल तर मोबाइलचा ट्यूनर सांगेल. थोडा फरक सेटअपमध्ये निघतो. शेवटी गिटार अ‍ॅम्पला लावून आवाजाचं बटण फिरवा, पिकअपचा स्विच खालीवर करा, केबलचा जॅक हलवून बघा. खरखर, फटफट आली की भावात घासाघीस करायला मुद्दा मिळाला.

तारा जुन्या आणि काळवंडलेल्या असतील तर त्यावरून गिटारला नावं ठेवू नका. तारा बदलता येतात.

दुकानात बहुतेक "फ्रेटबोर्ड (नेकवरची फ्रेट बसवलेली फळी) रोजवुड नाही" म्हणून कोणीतरी नाक मुरडेल. रोजवुड म्हणजे आपला शिसम. २०१७ पासून जगभर शिसमाच्या जातींच्या व्यापारावर निर्बंध आले. वाद्यांना २०१९ मध्ये त्यातून सूट मिळाली, पण मधल्या काळात कंपन्यांनी दुसरी लाकडं शोधली. स्वस्त गिटारींवर 'इंडियन लॉरेल' लिहिलेलं दिसेल. नाव विलायती वाटलं तरी तो आपला ऐन. येऊरच्या जंगलात सुसरीच्या पाठीसारख्या सालीचं झाड दिसतं ना, तोच. येऊरला फिरायला जाता तेव्हा बिचारा ओळखही देत नाही, आणि गिटारवर चढला की साहेब होतो. उत्तम लाकूड आहे, बिनधास्त घ्या.

नऊ हजारांच्या एकत्र खोक्याबद्दल फार लिहीत नाही. नामांकित ब्रँडचे असे संच असतात, ते ठीक. पण बिननावाच्या खोक्यात पहिल्या महिन्यात केबल जाते, दुसऱ्या महिन्यात ट्यूनिंगच्या खुंट्या सुटायला लागतात, आणि अ‍ॅम्प असा वाजतो की आपणच वाईट वाजवतोय असं वाटतं. माझ्या टेबलावर असल्या गिटारी येतात तेव्हा दुरुस्तीचा आकडा सांगायला मला संकोच होतो.

सासूबाई. या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात, कारण इलेक्ट्रिक गिटार केबल न लावता वाजवली तर आवाज बंद दाराबाहेर जात नाही. सरांच्या अकूस्टिकने मात्र त्या पहिल्याच दुपारी उठल्या असत्या. आवाज हवाच तेव्हा हेडफोनवाला छोटा अ‍ॅम्प घ्या. व्हॉक्सचा अ‍ॅम्पप्लग तळहातावर मावेल एवढा, सरळ गिटारच्या जॅकमध्ये बसतो, दोन ट्रिपल-ए सेलवर चालतो. हेडफोन वायरचेच लावा. ब्लूटूथवर तार छेडल्यानंतर आवाज क्षणभर उशिरा येतो, आणि तालाचं पार भजं होतं. पुढे कधी स्पीकरवाला अ‍ॅम्प घ्यावासा वाटला तर दहा वॅट पुष्कळ. वीस वॅटचा दुप्पट मोठा वाजतो हा गैरसमज आहे. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. गिटार टीव्हीच्या होम थिएटरला लावून बघायचा मोह होईल, नको. आवाज पातळ येतो आणि चुकून काही जोरात गेलं तर स्पीकरला त्रास.

आणि एक गंभीर गोष्ट. गिटारच्या तारा ब्रिजमार्फत अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत प्लगला तीन भोकं असतात पण तिसऱ्यामागे काहीच नसतं, हे मी स्वतः पाहिलंय. विजेवर चालणारा अ‍ॅम्प घेतलात तर इलेक्ट्रिशियनला बोलावून ते एक पॉइंट तपासून घ्या. प्लगची जाड पिन कोणी कापून देतो म्हणाला तर त्याला घरात घेऊ नका. सेलवरच्या छोट्या अ‍ॅम्पला ही भानगड नाही, आणि तुम्हाला तो सुचवण्यामागे हेही एक कारण आहे. तारांना हात लावला की गुणगुण कमी होते, त्याला घाबरू नका, ते नेहमीचंच.

पावसाळ्यात ठाण्यात कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, मग तारांचं काय. वाजवून झालं की जुन्या सुती बनियनचा तुकडा तारांखाली-वर फिरवा, एवढं केलं तरी गंज महिनाभर मागे सरकतो. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. ऑक्टोबरमध्ये हवा पालटली की नेकही थोडी पालटते, तेव्हा सेटअपवाल्याकडे एक फेरी. ट्रस रॉडवर पहिल्या वर्षी स्वतः प्रयोग नको, तो पाव आट्याचा खेळ आहे आणि हातात पाना आला की माणूस पाव आट्यावर थांबत नाही.

शिकवणारा मात्र इलेक्ट्रिक वाजवणाराच शोधा. मुलाच्या सरांना विचारा, त्यांच्या ओळखीत कोणीतरी असेलच. आठवड्याला एक तास आणि रोज पंधरा-वीस मिनिटं. गिटार बॅगेत भरून पलंगाखाली ठेवलीत तर ती पंधरा मिनिटं होत नाहीत. टीव्हीशेजारी स्टँडवर उभी करा, येता-जाता हात जाईल अशी.

आणि म्हणूनच रंग. समोर उभी राहणारी, रोज दिसणारी वस्तू आवडीची असावी, यात हसण्यासारखं काय आहे? फक्त निळी आणि काळी, दोन्ही हातात घेऊन वर लिहिलंय ते सगळं करून बघा. काळीची नेक जास्त सरळ असेल, तिचे फ्रेट टोचत नसतील, तर मुकाट्याने काळी घ्या. दोघी सारख्याच वाजल्या तर निळी.